शुगर 'गेली' म्हणणाऱ्या बाबांना आंबा किती द्यावा?

आम्ही अंबाजोगाईचे. बाबा ५८ वर्षांचे, टाइप २ शुगर ९ वर्षांपासून. वजन ११ किलो उतरलं, डॉक्टरांनीच मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी थांबवून चार महिने झाले. परवाचं एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.१. गोळीविना तीन महिने ६.५ च्या खाली म्हणजे रेमिशन, कायमचं बरं होणं नव्हे, हे माहीत आहे. बाबांनी मात्र ग्लुकोमीटर कपाटात टाकून केसर आंब्याची पेटी सांगितलीसुद्धा! मी बळंच मोजली: अर्ध्या आंब्यानंतर दोन तासांनी १५८, आमरस-पोळीनंतर २१२. ज्वारीची भाकरी, पाऊण तास चालणं सुरूच आहे. किडनी, डोळे ठीक. डॉक्टर 'बेतानं खा' एवढंच म्हणतात. कुणाच्या घरी रेमिशनमधलं माणूस आहे का? आंबा जेवणात देता की मधल्या वेळी, आणि एचबीए१सी किती महिन्यांनी करता?