आगबोट आणि ‘सुखरूप पोचलो’चं कार्ड : तुमच्या घरच्या आठवणी सांगा

गावच्या घराची आवराआवर करताना माजघरातल्या खुंटीवर एक जाड तार सापडली. वाचून झालेली पत्रं ओवून ठेवायची तार. तिच्यात 63 पोस्टकार्डं आहेत. आजोबा परळला गिरणीत होते. सुट्टी संपली की विजयदुर्ग बंदरात बोटीवर चढायचे आणि मुंबईला उतरल्यावर पहिलं काम म्हणजे घरी कार्ड टाकायचं. जवळजवळ प्रत्येक कार्डाची सुरुवात सारखीच: ‘बोट वेळेवर लागली. सुखरूप पोचलो. काळजी नसावी.’

मला वाटायचं, बोटींचा इतिहास म्हणजे कंपन्या आणि सनावळ्या. ही कार्डं हातात घेतल्यावर वाटलं की तो इथेही आहे. कार्डावर टाकल्याचा शिक्का असतो, पोचल्याचाही असतो. दोन्ही जुळवले की टपालाचे दिवस मोजता येतात. हंगामात कार्ड तीन-चार दिवसांत पोचलेलं दिसतं. पावसाळ्यात बोट बंद, टपाल घाटावरून फिरून यायचं, तेव्हा आठवडा सहज जाई.

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. यातल्या कुठल्याही बंदरावर तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी चढलं-उतरलं असेल तर लिहा. बोटीचं नाव आठवत असेल तर तेही. ज्यांनी हा प्रवास केला त्यांना विचारायला आता फार उशीर करू नये, असं मला मनापासून वाटतं.

मूळची मालवणची, आता डोंबिवलीत

आमच्या बंदरात पाण्याखाली खडकच खडक. बोट किल्ल्याच्या बाहेर लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे होडीतून, न्यावी लागायची. मुंबईहून येणारी बोट आमच्याकडे पहाटेच्या काळोखात यायची. धक्क्यावर गॅसबत्त्या, त्यांच्याभोवती डोक्याला टॉवेल गुंडाळलेले हमाल, आणि सगळ्यांची तोंडं दर्याकडे. आधी दिवा दिसायचा, मग भोंगा व्हायचा, की ‘इली रे इली!’ असा एकच गलका.

पडाव बोटीला लागला तरी स्थिर राहत नाही. लाटेबरोबर दोन हात वर, दोन हात खाली. वर आला त्या क्षणी पाय उचलायचा. खलाशी दंडाला धरून वर द्यायचा आणि वरचा ओढून घ्यायचा. तान्ही मुलं तर हातोहात जात. माझी आजी खालून ‘जपान गो, जपान’ (जपून गं, जपून) म्हणत राहायची, पडाव परत फिरला तरी.

आमची बोट ‘रोहिदास’, नंतर ‘चंद्रावती’. खालच्या डेकवर वळकट्या टाकून जागा धरायची. इंजिनाच्या बाजूला ऊब असायची पण तेलाचा वास डोक्यात जायचा. आई आवळासुपारी आणि लिंबू कनवटीलाच ठेवायची, कारण रत्नागिरी सोडेपर्यंत कुणाला तरी बोट लागायचीच. मे महिन्यात देवगड आणि रत्नागिरीला आंब्याच्या करंड्या चढत. त्या वासाने मात्र सगळं निवळायचं. अजून पेटी उघडली की मला पायाखाली डेक हलल्यासारखा वाटतो.

कार्डाचं म्हणाल तर मामा लिहायचे ‘सुखरूप पावलो’. ते शहरात चाळीस वर्षं राहिले, बोलणं सगळं मुंबईचं झालं, पण कार्डात शेवटपर्यंत ‘पावलो’च.

दाभोळ खाडीकाठचा

आमच्याकडे बोट आणि घर यांच्यामध्ये आणखी एक प्रवास होता. दाभोळला उतरायचं आणि लाँचने वाशिष्ठीतून वर, चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत. भरतीची वेळ चुकली तर लाँच मध्येच थांबायची. त्यामुळे वडिलांच्या कार्डात तारखेबरोबर तिथी हमखास. ‘अष्टमी आहे, पाणी कमी, उशीर होईल.’ तिथीवरून भरती कळते हे मी पंचांगातून शिकलो नाही, कार्डांतून शिकलो.

हर्णैला तर बोटीवरून होडीत आणि होडीतून खलाशाच्या खांद्यावर बसून किनाऱ्यावर, असं काकू सांगायची. नववारी भिजू नये म्हणून नव्हे, लाट फुटते तिथे पाय ठरत नाही म्हणून.

चित्रकार्डं जमवणारा, पुणे

थोडं वेगळ्या बाजूने लिहितो. मी जुनी चित्रकार्डं जमवतो. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं 1879 मध्ये, पाव आण्याला. ते साधं, सरकारी. चित्राची कार्डं त्यानंतर आली आणि 1900 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांचं पेवच फुटलं. सुरुवातीच्या कार्डांवर मागची सगळी बाजू पत्त्यासाठी राखलेली असायची, म्हणून लोक मजकूर चित्राच्या कडेला, आकाशात, पाण्यावर बारीक अक्षरात लिहीत. पुढे मागच्या बाजूला मधोमध रेघ आली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. मागे रेघ नसेल तर कार्ड जुनं, हे पहिलं ओळखायचं. दुसरं, भिंग लावायचं. ठिपके दिसले तर छापील, दिसले नाहीत तर बहुधा खरा फोटो. त्या काळची रंगीत कार्डं बरीचशी जर्मनीत छापून येत. 1914 मध्ये युद्ध सुरू झालं आणि तो पुरवठा तुटला.

आता बोटींचं. विलायतेला जाणाऱ्या मोठ्या बोटींची कार्डं ढिगाने मिळतात. कंपन्या ती जाहिरातीसाठी काढत आणि उतारू बोटीवरच लिहून टाकत. अपोलो बंदर, बॅलार्ड पिअर यांचीही भरपूर. पण कोकणच्या आगबोटीचं चित्रकार्ड? वीस वर्षांत माझ्या हाती फक्त दोन लागली, आणि दोन्हींत बोट लांब कोपऱ्यात, धूर सोडणारा एक ठिपका. डेकच्या उतारूला बोटीचं चित्र कुणाला पाठवायचं होतं? ज्याला पाठवायचं तो धक्क्यावर उभा राहून तीच बोट पाहत असे. म्हणून धागाकर्त्यांना कळकळीची विनंती, ती 63 कार्डं तारेतून काढा. गंज कागद खातो. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि शिक्के पुसट असतील तर तिरप्या उजेडात घ्या.

रेवसजवळच्या गावातून

वाचत होतो, पण लिहावं की नाही ते ठरत नव्हतं. आमच्या भागात आगबोट म्हटलं की आधी ‘रामदास’ येते. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सणाला घरी निघालेले चाकरमानी, बाजार करून परतणाऱ्या बायका. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या होड्यांनी काहींना उचललं म्हणून ते वाचले. मुंबईत कित्येक तास काही कळलंच नव्हतं.

माझ्या वडिलांचे चुलते त्या बोटीत होते. आदल्या दिवशी त्यांनी कार्ड टाकलं होतं, ‘उद्या निघतो, अमावास्येला घरी येतो.’ ते कार्ड बातमीनंतर दोन दिवसांनी आलं. आजीने ते उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

तारेचं वाचून मला एक जाणवलं. अशुभाचं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची आपल्याकडे रीत होती. घरात ठेवत नसत. म्हणजे प्रत्येक घरच्या तारेत उरली ती फक्त सुखरूप पोचलेल्यांची. तुमची 63 कार्डं वाचताना हे मनात असू द्या.

धागाकर्ता

हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. वर्षं लावून पाहिली तर मध्ये सात महिन्यांचं एकही कार्ड नाही. त्याच वर्षी आजोबांचा धाकटा भाऊ गेला, एवढं मला ठाऊक आहे. कार्डं आज तारेतून काढली.

पेडणे, गोवा

आमची आठवण तशी अलीकडची. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर मुंबईची बोट आमच्यासाठी नेहमीची झाली. सत्तरच्या दशकात ‘कोकण शक्ती’, ‘कोकण सेवक’. सकाळी 10च्या सुमारास मुंबई सोडायची, दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीच्या मुखात. पणजीत पडाव नाही, खांद्यावर बसणं नाही, फळीवरून सरळ चालत धक्क्यावर. तेव्हा वरच्या डेकवर परदेशी तरुण पाठपिशव्या उशाला घेऊन झोपलेले असत आणि खालच्या डेकवर आम्ही. एकाने मला पणजीच्या बाजारातून घेतलेलं देवळाचं चित्रकार्ड दाखवून खुणेने विचारलं होतं की हे कुठे आहे. मंगेशीचं होतं. मी रोज जातो तिथे, असं खोटंच सांगितलं, इतका अभिमान वाटला होता.

ऐंशीचं दशक सरता सरता ती बोट बंद झाली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आगगाडीने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण पोचल्याचं कार्ड आमच्या घरून कुणी पुन्हा टाकलं नाही.

वेंगुर्ल्याची, पोस्टमनची मुलगी

बाबांची सायकल होती, पण खाडीपलीकडच्या वाड्यांना तरीतून जावं लागे. बोटीचं टपाल आलं की बायका वाटेतच थांबवायच्या. बऱ्याच जणींना वाचता येत नसे, म्हणून बाबा कार्ड वाचून दाखवत आणि उत्तरही तिथेच बांधावर बसून लिहीत. दुसऱ्याच्या घरातलं ऐकलेलं आमच्या घरात कधी बोलायचे नाहीत.

तेव्हा जोडकार्ड मिळायचं. एकाला एक जोडलेली दोन कार्डं, दुसऱ्यावर पाठवणारा स्वतःचा पत्ता आधीच लिहून ठेवायचा, उत्तर देणाऱ्याने ते फाडून टाकायचं. आमच्या शेजारच्या आजींचे यजमान मुंबईहून नेहमी जोडकार्डच पाठवायचे. बाबा उत्तर लिहायला बसले की आजी सांगायच्या, ‘ह्या नको, नवीन कार्ड घ्या,’ आणि पैसे पुढे करायच्या. बाबांना वाटायचं, फुकट मिळालेलं कार्ड ठेवून ही विकत का घेते.

आजी गेल्यावर पेटीत ती कोरी कार्डं निघाली. मजकुराची बाजू रिकामी, पत्त्याच्या बाजूला यजमानांचं नाव आणि मुंबईतली चाळ, प्रत्येक कार्डावर त्यांच्याच हातचं.