रंगमंचावर खांदे आखडतात. कोणता सराव करावा?

प्रश्न (खानापूर): आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळात मी चार वर्षे काम करतो. संवाद चोख पाठ असतात, आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. परंतु प्रवेश घेताच खांदे कानांकडे ओढले जातात आणि हातांचे काय करावे हेच सुचत नाही. रोज सूर्यनमस्कार घालूनही फरक पडलेला नाही.

उत्तर (बेळगाव): मी भरतनाट्यम शिकवते. सूर्यनमस्काराने शरीर लवचीक होते, मात्र अभिनयाला लागणारे अवधान त्यातून आपोआप येत नाही. खांदे आखडण्याचे मूळ बहुधा रोखलेल्या श्वासात असते. म्हणून विहिरीतून घागर ओढण्याची एकच क्रिया आधी प्रत्यक्ष दोर धरून आणि मग दोराशिवाय सावकाश करून पाहावी, म्हणजे वजन तळपायांवर कसे येते, कंबर केव्हा मागे जाते आणि श्वास नेमका कुठे अडतो, हे आपल्याला उमगेल. नजरेचाही सराव हवा. नाट्यशास्त्रात ३६ दृष्टी सांगितल्या आहेत आणि कथकळीचे विद्यार्थी डोळ्यांत तूप घालून बुबुळांचा व्यायाम करतात, अर्थात तो गुरूशिवाय मुळीच करू नये.

उत्तर (निपाणी): ताईंशी सहमत आहे. आपल्या लेझमीलाही कमी लेखू नये. हलगीच्या ठेक्यावर बसून उठताना खांदे आखडून चालतच नाही.

प्रश्नकर्ता: आज पहाटे घागर ओढून पाहिली. ती काठाशी येताना मी श्वास रोखतो, हे प्रथमच ध्यानात आले. मनःपूर्वक आभार.