रिसेप्शनला ऑर्केस्ट्रा की बासरी-संतूर?

प्रश्न: दादरला एसी हॉल, अडीचशे पाहुणे, ७ ते १०. घरच्यांना ऑर्केस्ट्रा हवाय, मला बासरी-संतूर-तबला. काय ठरवावं?

गिरगावकर: बासरी-संतूरच. ऑर्केस्ट्रा फर्माइशींवर आला की स्टेजवर भेटायला आलेल्यांना ओरडून बोलावं लागतं. वादकांना नवरा-नवरीच्या स्टेजवर मात्र बसवू नका, फोटोवाले आडवे येतात. बाजूला ८ बाय १० फुटांचा, फूटभर उंच चौथरा मागा.

तालवेडा: वादकांना साडेपाचला बोलवा. संतूरला शंभराच्या आसपास तारा, लावायला वेळ जातोच. आणि एसी आधी सुरू करून मगच वाद्यं लावा. कोरड्या गार हवेत तबल्याचं चामडं ताणतं, सूर चढतो. झोत थेट अंगावर नको.

साउंडवाला: स्पीकर माइकच्या पुढे, नाहीतर शिट्टी वाजणारच. संतूरला दोन माइक, तबल्याला दोन, बासरीला एक. जेवणाकडे दोन छोटे स्पीकर वेगळे, हळू आवाजात. लाइटवाल्याच्या डिमरच्या लाइनवरून साउंड घेतला की घरघर येते, वेगळी लाइन आधीच सांगून ठेवा.

प्रश्नकर्ता: आणि हॉलऐवजी लॉन मिळालं तर?

गिरगावकर: उघड्यावर रात्री १० ला स्पीकर बंद. शेवटचं वादन पावणेदहाला संपवा.