पिसारी पतंग: तुरीवरचा की वालावरचा? ओळख हवी आहे

कसबा बावड्यात परड्यात वालाचा वेल आणि शेजारी तुरीची चार झाडं आहेत. आठवडाभर रात्री पडवीतल्या दिव्यापाशी एक बारीक तपकिरी पतंग येतोय. बसला की पंख आडवे ताणून अगदी इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. पंखांचा पसारा जेमतेम दीड सेंटीमीटर. पुढचा पंख दोन फाट्यांत चिरलेला, मागचा तीन पिसांसारखा, पाय लांब आणि काटेरी. म्हणजे टेरोफोरिडी हे पिसारी पतंगांचं कुळ, एवढं नक्की.

अडलंय पुढे. फोटोवरून ओळखणारं अ‍ॅप एकदा एक्सेलास्टिस अ‍ॅटोमोसा म्हणजे तुरीवरचा पिसारी पतंग सांगतं, तर एकदा स्फेनार्चिस अ‍ॅनिसोडॅक्टिलस. दुसऱ्याचं वर्णन इंग्रज कीटकशास्त्रज्ञ वॉकरने १८६४ मध्ये केलं. तो वाल आणि दुधी भोपळ्यावर वाढतो आणि आफ्रिका, आशियापासून ऑस्ट्रेलिया, अमेरिकेपर्यंत पसरलाय. त्यामुळे कोल्हापुरात सापडला म्हणून काही ठरत नाही. दोन्ही झाडं शेजारी असल्याने झाडावरूनही सांगता येईना. अळी शोधली, दोन्हीकडच्या शेंगांना भोकं आहेत, पण अळी हाती लागली नाही.

माझ्याकडे दहापट भिंग आणि वरून, बाजूने काढलेले स्पष्ट फोटो आहेत. सूक्ष्मदर्शक नाही. पतंग मारायचा नाही, फवारणीही करायची नाही. फक्त नोंद बरोबर व्हावी, एवढंच.

मागच्या पंखाच्या तिसऱ्या फाट्यावरच्या काळ्या खवल्यांवरून किंवा पायांवरच्या पट्ट्यांवरून जिवंत पतंगात या दोघांतला फरक खात्रीने सांगता येतो का? येत असेल तर फोटोत नेमकं काय बघू?