शब्दचर्चा : दाद – मागायची ती आणि द्यायची ती

आमच्या कविताकट्ट्यावर नव्यानेच येऊ लागलेल्या एका मुलीने परवा विचारलं, "कोर्टात दाद मागतात आणि मैफलीत दाद देतात. हे शब्द दोन की एकच?"

एकच. आणि एकच आहे म्हणूनच मला तो फार जवळचा.

दाद फारसीतली. तिथे तिचा मूळ अर्थ न्याय. बेदाद म्हणजे अन्याय, आणि आजच्या इराणातही न्यायालयाला दादगाह म्हणतात. आपल्याकडे ती दरबारी मराठीतून आली, फिर्यादीचा हात धरून. 'दादफिर्याद' हा जोडशब्द अजून टिकून आहे. 'दाद देणे' म्हणजे आधी न्याय देणे. मुशायऱ्यात शेराला दाद मिळते तीही त्याच अर्थाने : ओळीचं जे काही आपल्याकडे येणं आहे, ते तिला चुकतं करायचं. आणखी मागे गेलं तर प्राचीन फारसीत 'दात' म्हणजे कायदा. तो 'ठेवणे, स्थापणे' अशा अर्थाच्या धातूवरून आला, आणि संस्कृतातला 'धा' हा त्याच धातूचा सख्खा भाऊ. म्हणजे आपले विधी आणि विधान हे दादेचे दूरचे भाऊबंद. (हिंदीत गजकर्णाला दाद म्हणतात, त्याचा इथे संबंध नाही. तो 'दद्रु'वरून आला.)

व्युत्पत्ती कोशात सापडते. मला मात्र हा शब्द कळला तो वाचनालयाच्या मागच्या खोलीत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही बारा-पंधरा जण तिथे सतरंजीवर बसतो. तालुक्याच्या कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून येतात, आम्ही त्यांना नाना म्हणतो. स्वतः कधी एक ओळ लिहीत नाहीत. पहिल्या वर्षी मी आईवरची कविता वाचली. सगळे 'वा, वा' म्हणाले आणि चहा आला. नाना म्हणाले, "तिसरी ओळ परत." मी वाचली :

'विझल्या चुलीच्या राखेवर मायेने हात फिरवी आई'

"अजून एकदा." वाचली. नानांनी डोळे मिटले होते. "राखेवर हात फिरवला, तिथंच झालं की सगळं. मग 'मायेने' कशाला?"

घरी येऊन तो शब्द खोडला. बाकीच्यांची वाहवा त्या दिवशीच विसरलो. नानांनी दिली ती दाद. त्यांना मी नंतर हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तीस वर्षं अर्ज वाचलेत. शेवटपर्यंत वाचायची सवय आहे, बाकी काही नाही."

म्हणून मी दाद आणि कौतुक हे शब्द वेगळे ठेवतो. कौतुक माणसाचं असतं, न ऐकताही करता येतं. दाद ओळीला असते आणि ऐकल्याशिवाय देता येत नाही. मुशायऱ्यातला जाणता श्रोता नुसतं 'वा' म्हणत नाही; शेराची पहिली ओळ झाली की तो ती कवीबरोबर उचलतो, 'मुकर्रर' म्हणून परत मागतो. कीर्तनात टाळकरी अभंगाचा चरण उचलून धरतात, तेही मला याच घराण्यातलं वाटतं. मैफलीत समेवर हलणारी मानसुद्धा.

• प्रतिसाद : 'प्रतिसाद' हाच शब्द सरसकट वापरला तर काय बिघडलं? शिवाय तो फारसीही नाही.

बिघडतं. साद घातली आणि उलट साद आली, की प्रतिसाद. रक्तदान शिबिराला उत्स्फूर्त प्रतिसाद मिळतो, तिथे डोकी मोजलेली असतात. दादेत पारख आहे. पन्नास जणांचा प्रतिसाद असूनही एकाची दाद नाही, असं होतं, आणि लिहिणाऱ्याला ते बरोबर कळतं.

फारसीपणाचं म्हणाल, तर माधव जूलियन आठवा. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि गझल मराठीत रुजवली. पुढे तेच भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. पुण्यात १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले ते एक प्रमुख कवी. ही मंडळी एकमेकांच्या कविता ऐकत, त्यावर बोलत, आणि कविता लोकांसमोर म्हणून दाखवत. मराठी कवितेला समोर बसून ऐकणारा श्रोता मिळाला त्यात या मंडळाचा मोठा वाटा आहे. भाषाशुद्धीमागची त्यांची कळकळ मी मानतो. पण 'दाद' काढून तिथे काय ठेवणार? मला तरी दुसरा शब्द सापडलेला नाही.

• प्रतिसाद : आमची आजी म्हणायची, "बरणीचं झाकण दाद देईना", "खोकला काढ्याला दाद देत नाही". इथे न्याय कुठे आला?

आजींचा वापर पक्का मराठी आहे, आणि न्याय तिथेही आहे. दाद न देणे म्हणजे गाऱ्हाणं ऐकून न घेणे. त्यातून न जुमानणे, मग न बधणे. झाकणाने आपला अर्ज फेटाळला! हा अर्थ बहुतेक नकारातच येतो. त्यामुळे 'सभागृहाने त्यांना दाद दिली नाही' असं लिहिताना जपावं : टाळ्या पडल्या नाहीत की सभागृहाने त्यांना जुमानलं नाही, हे आजूबाजूच्या वाक्यांतून स्पष्ट व्हायला हवं.

एक वापर मात्र मला खुपतो. 'कवीने टाळ्यांची दाद घेतली.' सूत्रसंचालक दर कवितेनंतर 'जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ती दाद होते. दाद मागावी ती कोर्टात. कवितेने ती मागू नये आणि कवितेच्या वतीने माईकवरून तर मुळीच मागू नये.

त्या मुलीने त्या रविवारी स्वतःची कविता वाचली. पहिलीच, आवाज जरा कापत होता. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. मग नाना म्हणाले, "शेवटचं कडवं परत."