तेरावं होईपर्यंत तोंडाला कुलूप? (नोव्हेंबर २०१२)

खडूस_डोंबिवलीकर
बाळासाहेब ठाकरे गेले, आणि इथल्याच 'साहेबांना आदरांजली' धाग्यावर धनुर्धर यांनी फर्मान काढलं: "मरणान्तानि वैराणि. ज्यांना चार चांगले शब्द लिहायला जमत नाहीत त्यांनी निदान तेरावं होईपर्यंत गप्प बसावं. नंतर ओका काय ओकायचं ते." सोडून देणार होतो, पण सोमवारी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली आणि डोकं सटकलं. म्हणून हा वेगळा धागा.

बाळासाहेब ठाकरे माझ्या घरातले आजोबा नव्हते. १९६६ पासून या शहराच्या मानेवर (किंवा डोक्यावर, ज्याचं जसं मत) बसलेले राजकारणी होते. पेशाने व्यंगचित्रकार. हयातभर समोरच्याची टोपी उडवली, जिवंत माणसांची आडनावं, पोटं, चालणं, बोलणं काही सोडलं नाही. आणि आता त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की यांच्या भावना दुखावतात! आणीबाणीला दिलेला पाठिंबा, ९२-९३ ची दंगल, तिची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल, सहा वर्षं गेलेला मतदानाचा हक्क, हे मृत्युलेखात नाही लिहायचं तर कुठे, पंचांगात?

त्यातल्या एकीने फेसबुकवर लिहिलं काय, तर अशी माणसं रोज जन्माला येतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला. उद्धटपणा म्हणा हवं तर. पण त्यावर आयटी कायद्याचं कलम ६६ अ? मैत्रिणीने नुसतं लाइक केलं तर तीही पोलीस ठाण्यात? आणि तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती कोणत्या शोकाकुल मंडळींनी केली?

धनुर्धर
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. पालघरचं समर्थन मी एका अक्षराने केलेलं नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका.

रविवारी मी माहीमपासून शिवाजी पार्कपर्यंत चालत गेलो. शेजारी एक म्हातारी होती, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत झेंडूची फुलं. सातारकडची, एसटीने रात्रभर उभी आलेली. पिशवीला घाम सुटून फुलं काळी पडली होती, तरी सोडत नव्हती. तिला काय शाखाप्रमुखाने धमकावून आणलं होतं? लाखो माणसं, एक काच फुटली नाही. तुमच्यासारख्या वातानुकूलित विचारवंतांना हे कळायचं नाही. अशा वेळी चार दिवस जीभ आवरायला सांगितलं, तर ते फर्मान?

शास्त्रीबुवा
धनुर्धर, 'मरणान्तानि वैराणि' हे रामाने बिभीषणाला ऐकवलं आहे, रावणाच्या प्रेतापाशी. तेव्हा तुम्ही साहेबांना कुणाच्या जागी बसवलंत ते एकदा तपासून पाहा.

धनुर्धर
शास्त्रीबुवा, अफजलखानाच्या वेळीही हेच वचन सांगतात. भावना समजून घ्या.

शास्त्रीबुवा
हे तर आणखीच जड जाईल हो.

मीनल_ठाणे
काच फुटली नाही हे खरं, कारण काचेवर आधीच शटर होतं. आईचं इन्सुलिन संपलं होतं. नेहमीच्या मेडिकलवाल्याला फोन केला तर म्हणे मागच्या गल्लीने या. त्याने शटर गुडघ्याएवढं वर केलं, मी रस्त्यावर उकिडवी बसून खालून पैसे सरकवले आणि त्याने बर्फाच्या पिशवीतलं औषध बाहेर ढकललं. घाईत सुटे पैसे द्यायचेही राहिले. हा माणूस मराठी, घरात साहेबांचा फोटो लावणारा. मी विचारलं, "काका, दुकान उघडं ठेवलं असतं तर कुणी काय केलं असतं?" म्हणाला, "कुणी काहीच केलं नसतं ताई. पण पैज कोण लावणार?"

बंद कुणी पुकारला नव्हता म्हणे. पुकारावा लागत नाही, तीच तर अडचण आहे.

बोरिवली_स्लो
सगळ्यांनी भीती भीती लावलंय म्हणून लिहितो. माझे बाबा मॅट्रिक, टायपिंग चाळीसच्या स्पीडने पास. सत्तरच्या दशकात एका सरकारी विमा कंपनीत तीनदा मुलाखतीला गेले, तिन्ही वेळा 'जागा भरल्या'. भरल्या कुणी, ते साहेबांच्या मार्मिक साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' या सदरात नावानिशी यायचं. सेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीची माणसं कंपनीच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसली, आणि पुढच्या भरतीत बाबा लागले. त्या पगारावर मी इंजिनिअर झालो. मला श्रीकृष्ण आयोग शिकवू नका. आमच्या घरात चूल त्या माणसामुळे पेटली आहे.

गिरणगावकर
बोरिवली, तुमच्या बाबांना टेबल मिळालं, छान झालं. माझे वडील गिरणीत बदली कामगार, लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. त्यांच्यासाठी कोण केबिनमध्ये जाऊन बसलं? लाल बावट्याची युनियन होती, ती मोडायला सेना हवी होती. १९७० मध्ये कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला, आणि त्याच जागेच्या पोटनिवडणुकीत सेनेचा पहिला आमदार निवडून आला. कारकुनांना नोकऱ्या आणि कामगारांच्या पोरांना नाक्यावरचा बोर्ड, अशी वाटणी झाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. माझी आई घरात पापड लाटून विकत होती तेव्हा मराठी माणसाचे कैवारी कुठे होते?

बोरिवली_स्लो
संप दत्ता सामंतांचा होता, सेनेचा नव्हता. ताणला त्यांनी, आडमुठेपणा केला दिल्लीने, आणि बिल फाडायचं साहेबांच्या नावावर? वा रे वा!

निळी_पहाट
दोघांचाही मराठी माणूस परळ ते बोरिवली एवढाच आहे का? १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. माझे आजोबा तेव्हा गाव सोडून परभणीला आले, परत गेले नाहीत. जमिनीचा तुकडा होता तो गेलाच. सोळा वर्षं झुंजल्यावर १९९४ ला नामविस्तार मिळाला, तोही अर्धामुर्धा. सेना या काळात कोणत्या बाजूला होती ते सांगू का? आजोबा मराठीच बोलायचे. मी धाग्यावर दुखवटा मोडायला आलेले नाही, पण माझ्याकडून हुंदक्याची अपेक्षा ठेवू नका.

वऱ्हाडी_ठेचा
मुंबई बंद झाली की महाराष्ट्र बंद. इकडे यवतमाळात कास्तकार मरून रायला, त्याच्यासाठी पानठेलाही बंद होत नाही. वरून वेगळा विदर्भ मागितला की साहेबच सगळ्यात आधी आडवे. जाऊ द्या, तुमचं चालू द्या.

धनुर्धर
झालं? नामांतर, गिरण्या, विदर्भ, सगळ्यांची जुनी उधारी एकाच तिरडीवर वसूल करून घ्या. काल कसाबला फासावर दिलं. त्याच्यासाठीही गळा काढणारे आहेत, पण साहेबांसाठी दोन अश्रू जड झाले.

खडूस_डोंबिवलीकर
कसाबसाठी या धाग्यावर कुणी गळा काढला, दाखवा. नाहीतर शब्द मागे घ्या. मुद्दा सुचेना की कसाब, ही तुमच्या पक्षाची रीतच आहे.

आणि शासकीय इतमामाचं काय? कधी एका सरकारी खुर्चीवर बसले नाहीत, तरी तिरंगा, बंदुकांची सलामी, तेही काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याच्या राज्यात. ज्या सरकारने आयोग नेमला त्याच पक्षाने मानवंदना दिली. जुलै २००० ला गृहमंत्री भुजबळांनी दंगलीच्या वेळच्या अग्रलेखांवरून अटक केली, तर कोर्टाने मुदत उलटली म्हणून सोडलं. म्हणजे काँग्रेसवाल्यांना जिवंतपणी खटला चालवता आला नाही, मेल्यावर मात्र सलामी द्यायला वेळेत हजर!

धनुर्धर
कसाबचं वाक्य मागे. बाकी एकही नाही. पालघरची अटक चूक आहे, हेही लिहून देतो, फ्रेम करून लावा. पण माणूस जळायच्या आधी त्याच्या पापांची यादी वाचायची ही कोणती संस्कृती?

मीनल_ठाणे
जळून चार दिवस झाले, काका.

बोरिवली_स्लो
गिरणगावकर, मूळ मुद्द्याला बगल देऊ नका. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश पालिकेला होता. तो २००१ ला बदलून फक्त मोकळ्या जागेपुरता केला. तेव्हा सरकार कुणाचं होतं? काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचं.

गिरणगावकर
बरोबर, आघाडीचं. हरामखोरीच होती ती, मी कधी नाही म्हटलं? आता तुम्ही सांगा. सेनाभवनाच्या समोर कोहिनूर गिरणीची जागा होती. २००५ ला ती ४२१ कोटींना गेली तेव्हा घेणाऱ्यांत सेनेच्या मनोहर जोशींचे चिरंजीव आणि राज ठाकरे होते की नव्हते? समोरच्या खिडकीतून दिसत असणार ना रोज.

बोरिवली_स्लो
लिलावात घेतली, चोरून नाही. आणि साहेबांच्या नावावर एक वीट नाही तिथे.

गिरणगावकर
यंदा जूनमध्ये कामगारांच्या घरांची सोडत निघाली. जेमतेम सात हजार घरं, अर्ज लाखाच्या वर. आमचं नाव नाही. वडिलांचा गिरणीचा पास उंदरांनी खाल्लेला, त्याचा पुरावा म्हणून कुठकुठे फिरलो ते मला माहीत.

खडूस_डोंबिवलीकर
अहो गिरणगावकर, धागा श्रद्धांजलीवर आहे, म्हाडाच्या फॉर्मवर नाही.

गिरणगावकर
तुम्ही बसा श्रद्धांजली मोजत. बोरिवली, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप पुरावा म्हणून चालते का, बाबांना विचारून सांगा. ते विमा कंपनीत होते, त्यांना कागदांचं कळत असेल.

बोरिवली_स्लो
विचारतो. पण कोहिनूरवर मी मागे हटलेलो नाही.