चिप तीच, नाव नवं, भाव पुरा: लॅपटॉपच्या 'नव्या' मॉडेलवर सोलापूरकरांचं काय म्हणणं?

लॅबवाला

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे लॅपटॉपची खरेदी सुरू होते. मी एका डिप्लोमा कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, त्यामुळे पालक दुकानातूनच बॉक्सचा फोटो पाठवतात, "सर, हा लेटेस्ट आहे म्हणतात, घेऊ ना?" यातल्या कित्येकांनी यंत्रमागावर राबून, विड्या वळून पैसे साठवलेले असतात. म्हणून मनातलं स्पष्ट लिहितो.

लॅपटॉपची मुख्य चिप, म्हणजे प्रोसेसर, बनवणाऱ्या इंटेलचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये आय५-१२३५यू आली. १० कोर (चिपमधले काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), १२ एमबी कॅश (चिपमधलीच छोटी मेमरी), कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. २०२३ मध्ये आय५-१३३५यू आली. कोर तेवढेच, कॅश तेवढीच, वेग ४.६. २०२४ मध्ये नावातला 'आय' काढून टाकला आणि 'कोअर ५ १२०यू' आली. पुन्हा १० कोर, १२ थ्रेड, १२ एमबी, ग्राफिक्सही तेच, फक्त वेगाचा आकडा ५.० झाला. तीन वर्षांत तीन नावं, आत सामान एकच. आणि तो ५.० चा वेग १५ वॉटच्या पातळ लॅपटॉपमध्ये काही क्षणच टिकतो, एखादी फाइल उघडताना वगैरे. तासभर कोड कंपाइल करत बसलात तर तो आकडा दिसतही नाही.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या चिपांचा तर आकडा वाचता आला पाहिजे. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू, ७६४०यू ही तिन्ही नावं २०२३ च्या मॉडेलांची. पहिला ७ म्हणजे मॉडेलचं वर्ष. खरी गोम तिसऱ्या आकड्यात आहे. २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ सालची. ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. दुकानात तिघांवर 'रायझन ५, ७००० सिरीज' एवढंच लिहिलेलं असतं. ज्याला ठाऊक नाही त्याने काय करायचं?

किरकोळ बदलाला माझा विरोध नाही. तो नव्या पिढीच्या नावाने आणि नव्या पिढीच्या भावाने विकला जातो, ही मला फसवणूक वाटते. आपण त्यावर बोलत नाही, हे त्याहून वाईट.

नवी पेठेतला दुकानदार

सर, तुमची कळकळ कळते, पण मी सहमत नाही. माझा रोजचा धंदा हाच आहे, म्हणून सांगतो.

किरकोळ बदलाचं मॉडेल म्हणजे बॉडी तीच. बॉडी तीच म्हणजे बॅटरी तीच, कीबोर्ड तोच, बिजागरी तीच. दोन वर्षांनी पोराने बॅग आपटली आणि बिजागरी तुटली तर पार्ट सोलापुरातच मिळतो, त्याच दिवशी मशीन परत देता येतं. कंपनी दरवर्षी पूर्ण नवं डिझाइन काढायला लागली तर पार्ट पुण्याहून नाहीतर मुंबईहून मागवावा लागेल, आणि परीक्षेच्या तोंडावर मशीन काउंटरखाली पडून राहील. गिऱ्हाइकाला हे खरेदी करताना दिसत नाही, रिपेरीला आल्यावर कळतं.

दुसरं म्हणजे चिप सोडून बाकीचं बदलतंय की. पूर्वी याच रेंजमध्ये कॅमेरा ७२०पी असायचा, आता बऱ्याच मॉडेलांत १०८०पी येतो. टाइप-सीवर चार्जिंग यायला लागलं. हे सगळं अशा छोट्या छोट्या बदलांतूनच आलंय.

एक काम मी सगळ्यांना सांगतो. या इंटेल चिपांमध्ये रॅमची, म्हणजे मेमरीची, एकच पट्टी असेल तर ग्राफिक्स पूर्ण ताकदीने चालत नाही. दुसरा स्लॉट असेल तर दुसरी पट्टी टाका. चिपची पिढी बदलून जेवढा फरक पडणार नाही, तेवढा त्याने पडतो.

सात रस्ता, कर सल्लागार

दोघांचं वाचलं. मला तिसरीच बाजू दिसते.

माझ्या ऑफिसात टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल, एवढंच काम. सातव्या पिढीची मशीनं त्यावर उत्तम चालत होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे चांगली चालती मशीनं बाजूला ठेवायची वेळ आली. लोकांच्या पॅन, आधार, बँकेच्या माहितीवर काम करायचं असेल तर सुरक्षेचे अपडेट नसलेलं मशीन वापरणं मला पटत नाही. म्हणजे खरेदी मी केली ती हौसेने नव्हे, नाइलाजाने. आणि अशा नाइलाजाने आलेल्या माणसाच्या हातात २०२२ चं सामान २०२४ च्या नावाने द्यायचं, हे मलाही खटकतं. लॅबवाल्या सरांशी इथे सहमत.

पण पैशाचा हिशेब सगळ्यांना सारखा नाही, हेही बघा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ वर आले, लॅपटॉप होता तिथेच राहिला. माझी नोंदणी आहे, मला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, शिवाय प्राप्तिकरात कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा. विडी वळणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. पन्नास हजारांच्या बिलात साधारण साडेसात हजार कर असतो, तो ती पूर्ण भरते. तिने मोजलेल्या प्रत्येक रुपयाला जास्त किंमत आहे. म्हणून माहिती लपवण्याचा फटकाही तिलाच जास्त.

जुळे सोलापूर, शेवटचं वर्ष

सर, मी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमचा आदर ठेवून विरुद्ध मत मांडतो.

गेल्या वर्षीचं मॉडेल आणि यंदाचं मॉडेल यांची तुलना फक्त रिव्ह्यू करणारे करतात. आपल्यातलं कोण दरवर्षी लॅपटॉप बदलतं? घरात एक मशीन सहा-सात वर्षं चालतं. ज्याच्याकडे २०१८ चं मशीन आहे त्याच्यासाठी १२३५यू काय आणि १२०यू काय, दोन्ही मोठीच झेप आहे. 'फक्त दोन-चार टक्के फरक' ही ओरड त्याच्या कामाचीच नाही.

ॲपलच्या मॅकबुक एअरचं बघा. २०२४ मध्ये एम३ चिपचा आला तेव्हा, काही बदललंच नाही, म्हणून किती जण नाराज होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने एम२ आणि एम३ एअरची सुरुवातीची रॅम ८ वरून १६ जीबी केली, भाव न वाढवता. मार्च २०२५ मध्ये एम४ आला, दिसायला सेम, एक निळसर रंग तेवढा नवा. पण भारतातली सुरुवातीची किंमत १,१४,९०० वरून ९९,९०० वर आली, कॅमेरा सुधारला, झाकण उघडं ठेवून बाहेरचे दोन मॉनिटर चालायला लागले. यालाही किरकोळच म्हणाल ना? मला तर असाच बदल हवा. खोकं तेच ठेवा आणि भाव उतरवा.

आणि ७५३०यू जुन्या रचनेची असली तरी सहा कोरची आहे. आमच्या वर्गात तिच्यावर अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, चालतो. जुनं म्हणजे वाईट असं पोरांच्या डोक्यात भरवू नका बे कुणी.

लॅबवाला

जुनं वाईट असं मी कुठंच म्हटलेलं नाही. जुनं आहे हे सांगून विका, एवढंच म्हणतोय. ७५३०यू मीही कित्येकांना घ्यायला सांगतो.

मॅकचंच उदाहरण पुढे नेतो. २०२२ चा एम२ एअर, २५६ जीबीचा. त्यात कंपनीने साठवणुकीच्या दोन चिपांऐवजी एकच बसवली आणि वाचण्याचा वेग आधीच्या एम१ पेक्षा जवळपास निम्म्यावर आला. एम३ मध्ये परत दोन केल्या. नवं मॉडेल, जास्त भाव, आणि एका बाबतीत मागच्याहून मंद. बॉक्सवर याची ओळसुद्धा नव्हती. म्हणून 'दरवर्षी थोडं थोडं सुधारतंच' हे मला मान्य नाही. कधी सुधारतं, कधी गुपचूप कमी होतं.

आणखी एक गोष्ट सोलापूरकरांनी तरी विसरू नये. मॅकबुक वापरायचं तापमान कंपनीने १० ते ३५ अंश दिलंय. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर असतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून बघा. एअरला पंखाच नाही, तो तापला की वेग कमी करतो. विंडोजच्या पातळ मशीनचा पंखा केकाटतो, तळ हात लावू देत नाही आणि तुमचा तो ५.० गिगाहर्ट्झ निम्म्यावर येतो. माझ्या लॅबमध्ये दुपारच्या बॅचला तीच मशीनं सकाळपेक्षा रेंगाळतात, हे पोरंही सांगतात. नवी चिप म्हणून जादा पैसे मोजण्यापेक्षा जाड बॉडी, चांगला पंखा आणि मागे मोठ्या जाळ्या असलेलं मशीन बघा.

टॉवेल डिझाइन, अक्कलकोट रोड

चिपवर एवढं भांडायलेत सगळे, पडद्यावर कुणी बोलत नाही!

मी एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीची डिझाइनं करतो, जॅकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी. स्वस्त लॅपटॉपचा पडदा वर्षानुवर्षं तोच आहे, रंगांच्या मापात ४५ टक्के एनटीएससी. म्हणजे जेवढे रंग साध्या वेबसाइटला लागतात त्यातले साधारण दोन-तृतीयांशच तो दाखवतो. चिप बदलली, नाव बदललं, पडदा हलला नाही. पेट्यांवर लिहितात 'फुल एचडी, अँटीग्लेअर'. रंग किती दाखवतो ते लिहीत नाहीत.

माझ्या कामात याचा अर्थ सांगतो. बॉर्डरला मरून आणि आत डाळिंबी, असं डिझाइन होतं. पडद्यावर दोन्ही एकच मातकट लाल दिसत होते. लाल फुलाची कडच दिसेना. मान थोडी खाली केली की वेगळे, वर केली की परत एक. सूत रंगवून नमुना मागावर चढवल्यावर दोन्ही रंग एकमेकांशी भांडत होते. सूत गेलं, मागाचा वेळ गेला, पार्टीची तारीख गेली. हे चिपने झालं नाही, पडद्याने झालं.

दुसऱ्या गावात विणलेल्या चादरीवर 'सोलापुरी' छापून विकतात तेव्हा आपलं रक्त खवळतं. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी, की लेबलावर आहे तेच आत असावं. मग लॅपटॉपच्या लेबलाला आपण एवढी सूट का द्यायची? या एका मुद्द्यावर मी सरांच्या बाजूने आहे.

आई, भवानी पेठ

सगळ्यांचं वाचलं. खरं सांगते, निम्मं डोक्यावरून गेलं. मुलीला डिप्लोमाला टाकायचंय, बजेट पंचेचाळीस हजार. एक दादा म्हणतात नाव बघू नका, दुसरे म्हणतात पार्ट बघा, तिसरे म्हणतात पडदा. मी दुकानात उभी राहून नेमकं काय विचारू? आणि सर म्हणतात तसं आत सामान एकच असेल, तर मागच्या वर्षीचं मॉडेल मागितलं की स्वस्त मिळतं का?

नवी पेठेतला दुकानदार

ताई, पूर्वी हमखास मिळायचं. नवं आलं की जुन्या स्टॉकवर चांगली सूट असायची. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरना जगातली रॅम चाललीय. त्यामुळे जुना स्टॉकही आता स्वस्त राहिलेला नाही. 'थांबा, जुनं उतरेल' हा सल्ला आज मी देणार नाही. सर रागावतील, पण यंदा वाट बघणाऱ्याला महागात पडू शकतं.

तुमच्या बजेटात एवढं बघा. रॅम सोळा असेल तर उत्तम, आठच असेल तर मोकळा स्लॉट आहे का ते विचारा. बोर्डावरच सोल्डर केलेली आठ जीबी घेऊ नका, ती पुढे वाढत नाही. ७५२०यूच्या मशीनमध्ये तर मेमरी सोल्डरच असते.

लॅबवाला

रागावत नाही, मेमरीच्या भावाचं तुमचं बरोबर आहे. ताई, बिलावर मॉडेलचा आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. 'आय५ लॅपटॉप' एवढं लिहिलेलं बिल घेऊ नका. वस्तूची खरी माहिती मिळणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि जिल्हा आयोगापुढे जायची वेळ आली तर तोच नंबर कामी येतो. पैसे देण्याआधी तो इथे टाका, मी बघून सांगतो.

दुकानदार दादा, तुम्हाला एक विनंती. काउंटरवरच्या किमतीच्या पाटीवर चिपचं साल आणि पडद्याचे रंग लिहाल का? कंपन्या लिहीत नाहीत, तुम्ही तरी लिहा.

नवी पेठेतला दुकानदार

चिपचा पूर्ण नंबर आणि साल लिहीन, त्यात माझं काही जात नाही. रॅमचा स्लॉटही लिहीन. पडद्याचं कबूल करत नाही. एकाच मॉडेल नंबरात दोन-दोन कंपन्यांचे पॅनेल येतात, मलाच खोलल्याशिवाय कळत नाही. लिहून ठेवलं आणि वेगळं निघालं तर शिव्या मला.

जुळे सोलापूर, शेवटचं वर्ष

सालाची पाटी लावली की लोक २०२४ बघून २०२२ नाकारणार, आणि चांगली मशीनं पडून राहणार. मला हे पटलेलं नाही अजून.

टॉवेल डिझाइन, अक्कलकोट रोड

पडून राहिली तर भाव उतरतील, तुलाच पाहिजे होतं की ते. दुकानदार दादा, पडद्याचं लिहू नका, पण डेमोच्या मशीनवर मी देतो ते चित्र ठेवा. मरून, डाळिंबी आणि विटकरी असे तीन पट्टे शेजारी शेजारी. ताईंनी समोर उभं राहून बघायचं, तीन दिसतात की दोन. शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन दुकानावर येतो.